आठ पदरी बंडी

श्रावण अमावस्या

दाक्षायणीबाई आमच्या गल्लीत बायकांचा वर्ग घेतात, त्यांनी ही वही दिली. म्हणाल्या, केराबाई, रोज चार ओळी लिही, हात बसेल. आणि लिहिताना हाय-न्हाय लिहू नको, आहे-नाही लिही. बरं. पण आजचं त्यांना दाखवणार नाही. घरात बोलायला माणूस नाही म्हणून लिहिते. मालक जाऊन सात पावसाळे झाले, आता माग आणि मी.

आज माळावर बिरोबाच्या देवळात सिद्धाप्पाच्या अंगात आलं. सिद्धाप्पा माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा रांगत होता, मीच वाढवला. मेंढरं राखतो आणि देवाच्या कामाला हेडाम, तलवारीचा खेळ, खेळतो. ढोल घुमला की वारं येतं आणि नागवी तलवार स्वतःच्याच पोटावर, छातीवर मारून घेतो. कातडीवर ओरखडा उठत नाही. आमच्यात हे आज्यापणज्यापासून चालत आलंय, त्याचं मला नवल नाही. नवल याचं की आज त्यानं तलवार मध्येच टाकली आणि पायरीवर बसलेल्या सुभेदाराकडं बोट केलं.

सुभेदार म्हणजे पलटणीतून पेन्शनीवर आलेला म्हातारा. बसऱ्याच्या लढाईला जाऊन आलेला. लोकरीचा व्यापारी धोंडप्पा त्याला गंमत बघायला घेऊन आला होता. सुभेदार मघापासून मिशीत हसत होता, तलवारीला धार नसंल म्हणून. सिद्धाप्पाचा आवाज त्याचा राहिला नव्हता. विहिरीतून यावा तसा आला.

"दसऱ्याला ये. तुजं रिव्हॉल्वर घिऊन ये. माज्या लेकराच्या उघड्या अंगावर मार. लागली तर मी देव न्हाय."

ढोल थांबला. पुजारी बिरप्पानं भंडारा उधळला. म्हणजे शब्द पडला. घरी येताना सिद्धाप्पाला विचारलं, काय बोललास ठाऊक आहे का. म्हणाला, मी कुठं काय बोललो, माझा घसा का दुखतोय तेवढं सांग.

मंगळवार

बाजारात लोकर घ्यायला गेले तर सगळ्यांना माहीत. धोंडप्पाच्या तोंडाला झाकण नाही. बायका मला बघून गप्प होतात, जशी माझ्या घरात मयत झालीय.

तशीच बिरप्पाकडं गेले. म्हटलं, पोराला हिवताप आहे. दिवसाआड हुडहुडी भरते. डाव्या बरगडीखाली गाठ धरलीय, वैद्य प्लीहा म्हणतो ती पानथरी वाढलीय. आजारी माणसाचं बरळणं देवाचं कसं धरता? तर म्हणाला, बोलणारा आजारी असंल, देव न्हाय आजारी. शब्द फिरवला तर कळपात रोग शिरतो. मी म्हटलं, देवाला शब्द फिरवता येत नसेल तर त्यानं बोलायच्या आधी विचार करावा. त्यानं कानावर हात ठेवले.

पोलिसपाटलाकडं जायचं तर तो बिरप्पाचाच चुलतभाऊ. त्यानं दसऱ्याला परगावी जायचं आत्ताच ठरवून टाकलंय.

सिद्धाप्पा मात्र शांत. इतका शांत की थोबाडीत मारावीशी वाटते.

शुक्रवार

मैनुद्दीनकडं गेले. तो बेगमपेठेत बंदुका आणि शिवणाची यंत्रं दुरुस्त करतो. आमच्या मालकांचा दोस्त, मला भाबी म्हणतो. सोलापूरचा मार्शल लॉ उठून चार वर्षं झाली तरी बंदुकीचं नाव काढलं की हा आधी दार लावतो आणि मग बोलतो.

सुभेदाराचं रिव्हॉल्वर तेल द्यायला त्याच्याकडंच आलंय. दाखवलं. भाजलेल्या वांग्यासारखं काळं आणि जड. काडतुसं अंगठ्याएवढी, पुढं शिशाची बोंडं. हे पोटात शिरलं तर सिद्धाप्पाचं काय राहील, असा विचार आला आणि मी ते बाजूला सारलं. मला रडायला वेळ नाही.

मैनुद्दीन म्हणाला, सुभेदारानंच मला एकदा सांगितलं, विलायतेत बडे लोक रेशमाच्या घड्यांची बंडी आत घालतात. पिस्तुलाची गोळी रेशमात गुंतून बसते म्हणे. खरं खोटं अल्ला जाने.

मी म्हटलं, रेशीम सोलापुरात कमी आहे होय? आणि लोकर तर माझ्या घरात उंदरांना पुरून उरते.

भाद्रपद शुद्ध, गणपती बसून दोन दिवस झाले

बंडी शिवायला घेतली. बाहेरून घोंगडीचे दोन पदर, घट्ट विणीचे. त्याला चिंचोक्याची खळ तीनदा पाजली, वाळल्यावर बोटानं वाजवलं तर पाटासारखी वाजते. त्याच्या आत रेशमाचे चार पदर. साखरपेठेतल्या तेलगू विणकरांकडून बिघडलेल्या लुगड्यांचे तुकडे आणले. काय करणार विचारलं तर म्हटलं गोधडी. सगळ्यात आत जेनाचे दोन पदर. जेन म्हणजे विणलेली लोकर नव्हे, कुटून कुटून बसवलेली. अंगाला मऊ लागते.

माप घेताना डाव्या कुशीला हात लागला तर सिद्धाप्पा कळवळला. गाठ मुठीएवढी झालीय. म्हटलं ताक पीत जा.

विचारलं नाही त्यानं, हे काय शिवतेस म्हणून. मी पण सांगितलं नाही.

गौरी गेल्यावर

आज बंडी पारखली. गावाबाहेर मैनुद्दीनच्या मामाची पडकी विहीर आहे, आत आवाज दबतो. तो, मी आणि बंडी, तिघंच उतरलो.

त्याच्याकडं कुणाचं तरी एक बारकं पिस्तूल दुरुस्तीला होतं, तळहातात मावेल असं. त्याची गोळी करंगळीच्या पेराहून बारीक, वर चकचकीत कल्हई. मी म्हटलं या बाळानं आधी मार, मग मोठ्यानं. त्यानं बंडीचा कोपरा मातीच्या भिंतीला टेकवून मारलं. आठही पदर पार. भिंतीत वीतभर आत जाऊन बसली. मी भोकात बोट घालून बघितलं. मैनुद्दीन म्हणाला, भाबी, ही बारीक हाय, कडक हाय आणि लई जोरात जाती. मोठी ती मऊ आणि सुस्त. तिला वाटंत अडवता येतं.

मग कोंड्याचं पोतं टांगलं, त्याला बंडी घातली. मैनुद्दीन म्हणाला, माणूस काही नुसता कोंडा नसतो, आत काहीतरी जड पाहिजे. मी दुपारच्या भाजीला लाल भोपळा घेतला होता, तोच पोत्यात कोंबला. त्यानं सुभेदाराचं रिव्हॉल्वर उचललं आणि मारलं. विहिरीतली पाखरं सगळी एकदम वर गेली.

पोतं हेलकावलं. मी पळत जाऊन बंडी उलटी केली. आतल्या जेनावर काही नाही. एक तंतू तुटलेला नाही. गोळी रेशमात सापडली, चेपून बटणासारखी झालेली. मी तिथंच खाली बसले आणि हसले. किती दिवसांनी.

मैनुद्दीन हसला नाही. पोत्यात हात घालून चाचपत होता. म्हणाला, भाबी, हितं खड्डा पडलाय. पोत्याला भोक न्हाय, पन आत खड्डा पडलाय.

मी म्हटलं, खड्डा पडू दे. भोक नको.

त्याच दिवशी, पुढं

भोपळेवालीला उद्या जाऊन शिव्या घालणार आहे. घरी आणून भोपळा चिरला तर वरून टणटणीत, सालीला ओरखडा नाही, आणि आत नुसता लगदा. बिया, गर, पाणी सगळं एक. विळीवरून ओघळ जमिनीवर आला. चांगला टकटक वाजवून घेतला होता मेलीकडून. शेजारच्या म्हशीला घातला.

पितृपक्ष, सोमवार

भोकं पडलेली बंडी टाकून तशीच नवी शिवून झाली. घोंगडी विकायच्या निमित्तानं सुभेदाराच्या घरी गेले. त्याच्या बायकोनं पाट दिला. मी घोंगडी सोडलीच नाही, सरळ म्हटलं, माझ्या भावाला मारणार तुम्ही?

म्हातारा खंगलाय. म्हणाला, तुझा भाऊ मला फासावर चढवायला निघालाय बाई. न जावं तर धोंडप्पा गावभर सांगेल सुभेदार भ्याला. जाऊन चुकवली तर म्हणतील देवानं वळवली. आणि लागली तर माझं काय? मी हसलो फक्त. हसल्याची एवढी शिक्षा?

मी म्हटलं, या तुम्ही. पण हेच रिव्हॉल्वर आणा. शिशाची काडतुसं आणा. दुसरं बारकं काही असेल तर ते घरी ठेवा.

त्यानं बायकोला पाणी आणायला आत पाठवलं. मग हळूच म्हणाला, "कुटं मारू?"

याचा विचार मी आधीच केला होता. वर काळीज, तिथं नको. उजवीकडं बंडीचे बंद आहेत, तिथं पदरावर पदर नीट बसत नाहीत. मी माझ्याच अंगावर हात ठेवून दाखवलं, डावीकडं, खाली, बरगडी संपते तिथं. तिथं आठही पदर अखंड आहेत.

म्हणाला, ठीक. वीस वर्षांत हात हलला नाही माझा. जिथं सांगशील तिथं बसेल.

बरं वाटलं. माणूस वाईट नाही.

घटस्थापना

सिद्धाप्पापुढं बंडी टाकली. त्यानं उचलून वास घेतला, मेंढरू घेतं तसा. म्हणाला, देव उघड्या अंगावर बोलला.

मी म्हटलं, देव तुझ्या तोंडून बोलला, तुला तर काही आठवत नाही. तू तिथं होतास का ऐकायला?

"अक्का, तलवार का लागत न्हाय तुला ठावं हाय का? मी आड येत न्हाय म्हणून. माजं अंग मी देवाला मोकळं करून देतो. आड काय आलं की मग ते वाट हुडकतं."

असलं काही ऐकलं की माझं डोकं उठतं. मी म्हटलं, रांगत होतास तेव्हापासून मी आड येतेय. गोवर, पटकी, लांडगा, सगळ्याच्या आड आले. तेव्हा नाही कुणी वाट हुडकली. घाल गप.

त्यानं बंडी मांडीवर घेतली. त्याची बायको पहिल्या बाळंतपणात गेली, दुसरी केली नाही. माझ्याशिवाय त्याला कुणी नाही आणि मला त्याच्याशिवाय. हे आम्ही एकमेकांना कधी म्हणत नाही.

शेवटी म्हणाला, तुझ्यासाठी घालतो. देवाला मी काहीतरी सांगीन.

दसरा

झालं. वाचला. 

माणसं माळावर मावत नव्हती. सिद्धाप्पा बंडीवर देवाचं घोंगडं पांघरून आला, लोकांना वाटलं देवाचं सोंग आहे, उघड्या अंगाचं कुणी काढलं नाही. दीपमाळेला पाठ लावून उभा राहिला. ढोल, कैताळाच्या झांजा, आणि तोंड, हातपाय हळदीनं पिवळे. डोळे उघडे पण आत कुणी नाही. सुभेदारानं टोपी काढून खाली ठेवली, हात लांब केला.

बार मोठा झाला, पण मला तो आठवत नाही. दुसरा आवाज आठवतो. ओलं घोंगडं धोंड्यावर आपटावं तसा, जड आणि जवळ.

सिद्धाप्पा खाली बसला. मग उठला. उभा राहिला. चांगभलं असा एकच ओरडा उठला आणि भंडाऱ्यानं दिवस झाकोळला. सुभेदारानं रिव्हॉल्वर जमिनीवर ठेवून त्याचे पाय धरले. धोंडप्पा, ज्यानं हे सगळं पेटवलं, तो लहान पोरासारखा रडत होता.

देवळामागं नेऊन मी बंडी सोडली. गोळी रेशमात, अजून ऊन होती. कातडीला भोक नाही. भाकरीएवढा लाल ठसा, बस. तो तिथं ओकला, पण सकाळपासून उपाशी होता. दुखतंय का विचारलं. नाही म्हणाला.

घरी येऊन पुरणपोळ्या लाटल्या. मीच जास्त खाल्ल्या.

एकादशी

ठसा निळा पडलाय. मध्ये काळा. हळद-चुना लावला. लोकांची रीघ लागलीय, सिद्धाप्पाला हात लावून जातात. माझ्याकडं घोंगड्या मागतात, देवाच्या हातच्या. मी म्हणते माझ्या हातच्या आहेत, पाहिजे तर घ्या.

कोजागिरीच्या अलीकडं

आज दुपारी मागावर बसले होते. तो दारात बसून ताक पीत होता. बोलला तेव्हा ढोलातला आवाज नव्हता, त्याचाच होता. म्हणून जास्त भ्याले.

"अक्का, ती थांबली न्हाय."

"कोण?"

"गोळी."

मी उठले, डब्यातून ती चेपलेली गोळी आणून त्याच्या हातावर ठेवली. म्हटलं, ही काय मग? त्यानं उलटीपालटी करून बघितली आणि परत दिली.

"हे टरफल हाय. दाणा आत गेला. हळू चालतीया. मला कळतं."

मी म्हटलं, भोक कुठाय? भोकाशिवाय आत जायला ती काय भूत आहे? त्यानं माझा हात धरून डाव्या कुशीवर ठेवला. तिथं गरम होतं आणि घट्ट. गाठ आधीपासून आहेच. म्हणाला, कान लाव. मला हे असले खेळ आवडत नाहीत, पण लावला. आत काही चालत नव्हतं. लांबून कुणाच्या तरी मागाचा ठोका यावा तसा नुसता ठोका. तो त्याच्या काळजाचाच असणार.

म्हणाला, उघड्या अंगावर घेतली असती तर लागलीच नसती. बंडी आड आली. आता ती वाट हुडकतीया.

मी परत मागावर बसले. बोलले असते तर वाईट बोलले असते.

कोजागिरी

आज अंगात बरं आहे त्याच्या. मेंढरांकडं गेला. तिकडून बाळाबाई, मेंढवाड्यावरची म्हातारी, सांगत आली की मेंढरं त्याच्या उजव्या बाजूनं जातात, डावीकडून एकही जात नाही. कुत्रं पण. मी म्हटलं, बाळाबाई, तुला दिसतं किती ते आधी बघ. पण ती गेल्यावर दार लावून घेतलं, भर दुपारी.

वद्य पक्ष, बुधवार

गोळी खांद्यात आलीय म्हणे. डाव्या. हात वर होत नाही, आडवं झालं की खांद्याच्या टोकाला कळ येते, म्हणून बसूनच डोळा लागतो. मी खांदा पाहिला, चोळला, शेकला. खांद्याला काहीच झालेलं नाही. गोळी मारली कुशीत आणि दुखतो खांदा, याला काय म्हणायचं? मलाही आता असं वाटायला लागलंय की काहीतरी चालतंय. लिहायला नको होतं हे. लिहिलं की खरं होतं.

मैनुद्दीन येऊन गेला. सिद्धाप्पाच्या पापण्या खाली ओढून बघितल्या. मला बाहेर नेऊन म्हणाला, भाबी, याला सिव्हिलला न्या, आज. मी म्हटलं, काय सांगू? कुठं लागलंय दाखवा म्हटलं तर काय दाखवू? तो म्हणाला, मला न्हाय ठावं. पन रंग गेलाय त्याचा.

मी बघितलं नव्हतं. हळद लागलेल्या माणसाचा रंग कळत नाही.

गुरुवार

सकाळी सिव्हिलला न्यायला निघाले तर दारात बिरप्पा आणि धोंडप्पा. कुणी सांगितलं कोण जाणे. बिरप्पा हात जोडून उभा. म्हणाला, बाई, माळावर एवढी माणसं आली, देवाचा शब्द खरा झाला. आता डॉक्टरनं लिहून दिलं की गोळीनं दुखापत झाली, तर काय राहिलं? आणि सिद्धाप्पा स्वतः कुठं म्हणतो, मला जायचंय म्हणून?

सिद्धाप्पाला विचारलं. म्हणाला, न्हाय जायचं. ती खांद्यातनं भाईर पडंल आपसूक. मी एकदा आड घातलं, आता परत न्हाय.

मी ओरडले. मी सगळ्यांना ओरडले, त्याला सगळ्यात जास्त. मग दमले आणि चूल पेटवली. एक दिवस बघू म्हटलं.

शुक्रवार

म्हणाला, "गेली अक्का. आता मोकळं वाटतंय." खांदा दुखायचा थांबला. चेहरा हलका, लहानपणी असायचा तसा. तहान मात्र फार. तांब्यावर तांब्या.

मी म्हटलं, कुठून गेली? हसला. तुला सगळ्याचं भोक बघायचं असतं म्हणाला.

शनिवार

भाकरी थापत होते. त्यानं पाणी मागितलं, मी तांब्या घेऊन वळले तर तो भिंतीला टेकून बसलेला, ओठ खळीसारखे पांढरे, अंगाला घाम. पोट ढोलासारखं ताणलेलं. हात लावला तर गार.

मैनुद्दीनच्या भावाचा, महबूबचा, टांगा. महबूबनं घोडं असं कधी मारलं नसेल. बिरप्पा टांग्याच्या मागून पळत येत होता. वाटेत सिद्धाप्पा एकदाच बोलला, विचारलं, मेंढरं कुणी सोडली का. मी म्हटलं सोडली. कुणी सोडली ते मला माहीत नव्हतं.

दवाखान्यात बाकावर निजवला. डॉक्टर तरुण होता, चांगला होता. पोट दाबलं आणि त्याचा चेहरा बदलला. मला विचारलं, "याला काही लागलंय का? मार? पडला होता?"

बिरप्पा माझ्या शेजारी धापा टाकत उभा होता. हात जोडलेले होते.

मी म्हटलं, "न्हाय. काय लागलं न्हाय."

माझ्याच तोंडून गेलं ते. मला कळायच्या आत गेलं. डॉक्टर आत धावला, माणसं बोलवली, कसली तरी तयारी करायला लागला. मग मी त्याच्यामागं गेले आणि म्हटलं, गोळी. गोळी मारलीय त्याला. त्यानं सदरा वर केला, सिद्धाप्पाला कुशीवर केला, पालथा केला. भोक हुडकत होता. माझ्याकडं असं बघितलं की हिला दुःखानं वेड लागलंय.

तेवढ्यात संपलं.

नंतर सांगितलं त्यानं, आत पानथरी फुटलीय. रक्त सगळं पोटात सांडलंय. बाहेर एक थेंब नाही. म्हणाला, हिवतापानं कधी कधी फुगते, जरा धक्का लागला तरी पुरतो. कुठं धक्का लागला असेल?

मी माझ्या अंगावर हात ठेवून दाखवलं. डावीकडं, खाली, बरगडी संपते तिथं.

दिवाळी होऊन गेली. वार माहीत नाही

बरेच दिवस वहीला हात लावला नाही. आज लावते, कारण आजचं कुणीतरी खरं लिहून ठेवलं पाहिजे, आणि बिरप्पाला लिहिता येत नाही.

अंघोळ घालताना बायकांनी सिद्धाप्पाचं अंग बघितलं होतं. बाळाबाईनं बाहेर येऊन सांगितलं होतं, भोक न्हाय. तेव्हापासून सगळीकडं हेच. गोळी लागली नाही, देवाला लेकरू आवडलं, नेलं. माळावर त्याच्या नावाचा धोंडा शेंदूर लावून बसवला. आज सगळे ढोल घेऊन माझ्या दारात आले, बंडी न्यायला; बाळाबाईनं ती घरात बघून गावभर सांगितली होती. देवळात ठेवायची म्हणे, पूजेला. पंचक्रोशीतली आणखी दोन पोरं पुढच्या दसऱ्याला उभी राहणार आहेत. त्यातल्या एकाची आई माझ्या पाया पडली. त्याचं नाव मायाप्पा. मिसरूड फुटलेलं नाही.

मी म्हटलं, थांबा. बंडी बाहेर आणली आणि सगळ्यांच्या देखत कात्री लावली. बिरप्पा धावला, मैनुद्दीननं त्याला धरलं. मी म्हटलं, बघा. हे देवाचं नव्हे. ही माझी शिवण. हे घोंगडीचे दोन पदर, बघा, फाटलेत. हे रेशीम, लुगड्याचं, बघा इथं जळलंय, इथं थांबली ती. देवानं नाही थांबवली, चिंचोक्यानं आणि रेशमानं थांबवली. त्याला उघडा उभा केला असता तर जागीच गेला असता. आणि हे थांबवून पण गेला, कारण शिसं थांबलं, मार थांबला नाही. मार आत गेला. कुणालाही उभं करू नका.

आणि मग शेवटचे दोन पदर उसवले. जेन. त्याच्या अंगाला लागलेले. मला वाटलं तिथं काहीतरी दिसेल. एवढ्या माराची खूण, डाग, काहीतरी. मी ते वर धरले.

कोरे होते. माझ्या हातानं कुटले तसे, पांढरेशुभ्र. एक तंतू हललेला नव्हता.

मागची माणसं बघायला पुढं सरकली. मग त्या मायाप्पाची आई ओरडली, चांगभलं. आणि ढोल सुटले. मी सांगत होते, अगं तसं नाही, तेच तर सांगतेय, काही दिसत नाही म्हणूनच. तिच्या खांद्याला धरून सांगत होते. ती ते जेन कपाळाला लावत होती. माझ्या अंगणात चहूकडून भंडारा उधळला, इतका की समोरची माणसं गेली, मैनुद्दीन गेला, दार गेलं. मी कात्रीचा हात डोळ्यांपुढं धरला, तो पण दिसला नाही.